पान लागलं तर...

दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायकोचा 'कोयता' ऊसतोडीला निघतो. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात.

मागच्या हंगामात क्रांती चौकात असेच एक कुटुंब बोचक्यांवर बसून गाडीची वाट पाहत होते. मी पडलो मास्तर माणूस, राहवेना! आजींना विचारले, "सर्पदंशावरचा प्रथमोपचार ठाऊक आहे का?" त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग सून म्हणाली, "आत्याबाई, पान लागल्यावर काय करायचं, असं इचारतेत." आजी लगेच म्हणाल्या, "दोरी आवळायची, मारुतीच्या देवळात न्यायचं."

चूक माझ्या शब्दाची होती. रात्री सापाचे नाव घेऊ नये, हा त्यांचा रिवाज. तो राहू द्यावा. "पान लागलं तर" असेच म्हणून शिकवावे. दोरी मात्र सोडवली पाहिजे. आवळल्याने विष अडत नाही, उलट हातपाय निकामी होण्याची भीती. मोडल्या हाडाला बांधतो तशी कामटी सैलसर बांधावी. चिरू नये, चोखू नये, माणसाला चालवू नये. लुगड्याची झोळी करून न्यावे.

अवघड गोष्ट जोडव्यांची. सूज चढली की जोडवी, बांगड्या मांसात रुततात, म्हणून आधीच काढाव्या लागतात. पण सवाष्णीची जोडवी परक्या पुरुषाने कशी उतरवावी? आजी थोडा वेळ गप्प बसल्या. "मीच काढीन की. तिच्याच पदराला बांधीन, बरी झाली की घालंल." हा तोडगा मला काही सुचला नसता.

आणखी एक. मण्यार बहुधा रात्री, भुईवर निजलेल्यालाच चावते. आणि कोपीत तर सगळेच भुईवर. सूज नाही, फारसे दुखणेही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडतो. त्याला बाहेरची बाधा समजू नका. १०८ क्रमांक फिरवा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे, कर्नाटकातही क्रमांक हाच. विषावरची लस दवाखान्यातच मिळते. मारुतीला नारळ मागाहून फोडता येतो, त्याला आजींचीही हरकत नव्हती.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, हा एक तास दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच घ्या. सुट्टीनंतर ती मुले वर्गात नसतात.