अपुऱ्या नोंदीचं वजन

लग्न झालेलं असतं, नवरा न्यू जर्सीला किंवा ब्रॅम्प्टनला नोकरीला असतो आणि मुलगी खटावची, तासगावची नाहीतर वाळव्याची असते. कधी उलटही असतं. बायको तिकडे स्थिरावलेली आणि नवरा इथे. व्हिसासाठी कागदांची यादी येते. लग्नाचा दाखला मिळतो, पासपोर्ट हातात असतो आणि घोडं अडतं ते जन्माच्या दाखल्यापाशी. ग्रामपंचायतीत नोंद सापडते, पण तिच्यात बाळाचं नावच नसतं. कुठे तारीख पासपोर्टशी जुळत नाही, कुठे आईचं नाव निराळं असतं, कुठे नोंदच मिळत नाही. मग घरात घबराट होते आणि कुणीतरी हमखास सुचवतं, की एक नवा, नीट भरलेला दाखला ‘करून घ्या’. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हेच आज मला सांगायचं आहे. जन्माच्या कागदाचं वजन तो किती भरलेला आहे यावर ठरत नाही. तो कधी लिहिला गेला, कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, यावर ठरतं. व्हिसाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता तेव्हा लिहिलेली अर्धवट ओळ, काल तयार झालेल्या संपूर्ण दाखल्यापेक्षा जास्त विश्वासाची असते.

आपल्याकडच्या नोंदी अपुऱ्या का राहिल्या, हे आधी समजून घेऊ, कारण पुढे परदेशी अधिकाऱ्याला हेच समजावून सांगायचं असतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी गावोगाव जन्माची नोंद होत होती, ती गाव नमुना चौदामध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्या वहीत बहुधा बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असे. सरकारला जन्म किती झाले ते मोजायचं होतं. कुणा एका माणसाची ओळख पटवायची नव्हती. या वह्या नष्ट झाल्या असं अनेकांना वाटतं, पण २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतून हीच दप्तरं बाहेर निघाली आणि ती वाचायला मोडीचे जाणकार बोलवावे लागले. म्हणजे साठीच्या आसपासच्या किंवा त्याहून मोठ्या अर्जदाराची नोंदसुद्धा मिळू शकते, फक्त ग्रामपंचायतीत न थांबता तहसीलपर्यंत जायला हवं.

१९७० नंतरचं चित्र वेगळं आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं की खबर दवाखानाच पाठवतो, आणि बहुतेक वेळा बारशाच्या आधीच. नाव ठरलेलंच नसतं, म्हणून तो रकाना कोरा राहतो. पुढे नाव घालण्याची सोय कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे: वर्षभरात विनाशुल्क, नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण शाळेत घालताना कुणी विचारलं नाही, की तो रकाना तसाच कोरा राहून जातो. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या काळात दाखल्यावाचून काही अडत नव्हतं, त्या काळात आईबापांनी हेलपाटे घातले नाहीत, इतकंच.

दुसरं कारण तर अगदी आपल्या भागातलं आहे. नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे, राहत्या गावात नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणून जतच्या कुटुंबातल्या थोरल्या मुलीची नोंद तिच्या आजोळी माणमध्ये असू शकते. अडलेली बाळंतीण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नेली असेल, तर नोंद मिरजेत. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली. त्याआधीच्या नगरपालिकांच्या नोंदींची चौकशी आता महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात करायची. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. त्यांच्या मुलांचा जन्म परराज्यातल्या शहरात आणि शाळा विट्यात, असं सर्रास घडतं. पाटण-जावळीतल्या, मुंबईत माथाडी काम करणाऱ्या बापाची लेकरं मुंबईच्या वॉर्डात नोंदलेली असतात. साताऱ्यातली फौजी कुटुंबं छावणीच्या दवाखान्यात बाळंत झाली. त्या जन्माची नोंद सैन्याच्या पार्ट टू ऑर्डरमध्येही निघते आणि तो उत्तम पुरावा असतो. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांच्या दप्तराचा शोध मूळ तालुक्यात घ्यायचा की पुनर्वसनाच्या गावात, हे जन्मसालावर ठरतं. हे सगळं मी विस्ताराने सांगतोय त्याला कारण आहे. ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला नमुना दहामध्ये मिळतो आणि परदेशी कार्यालयं तो मानतात. पण चुकीच्या गावातून आणलेला असा दाखला काहीही सिद्ध करत नाही. पासपोर्टवर जन्मगाव मिरज आणि अनुपलब्धतेचा दाखला मात्र कवठे महांकाळचा, अशी फाइल गेली तर शंका यायचीच. आणखी एक बारकावा सांगतो. १९४९ ते १९६० या काळात आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा या नावाने ओळखला जाई; २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्या काळातल्या उताऱ्यावर ‘दक्षिण सातारा’ दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करायला धावू नका. ती नोंद त्याच काळची असल्याची ती खूण आहे.

आता १ जूनविषयी. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे वाढदिवस १ जूनला येतात, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख जनरल रजिस्टरात लिहायचे. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तीच तारीख, पासपोर्टवर तीच. आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत समजा २३ ऑगस्ट. अशा वेळी काहीजण ग्रामपंचायतीची नोंदच नजरेआड करतात आणि तिथे नोंद नसल्याचा दाखला मिळवायच्या मागे लागतात. हे करू नये. ती नोंद आज ना उद्या समोर येऊ शकते, आणि मग जी तफावत एका परिच्छेदात समजावता आली असती, तिला लपवाछपवीचं रूप येतं. पासपोर्टवरची तारीख मूळ नोंदीप्रमाणे बदलून घ्यायची की तफावत उघड मांडायची, हे अर्ज दाखल करण्याआधी ठरवावं. मधेच तारीख बदलली तर एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा एकाच फाइलमध्ये येतात.

परदेशी कार्यालय नेमकं काय मागतं, ते पाहू. अमेरिकेचा नियम पायऱ्यापायऱ्यांचा आहे. आधी मूळ पुरावा, म्हणजे जन्मनोंद. ती नसेल तर ती नसल्याचं संबंधित कार्यालयाचं पत्र आणि दुय्यम पुरावा: शाळेची, दवाखान्याची, धर्मसंस्थेची नोंद. तोही नसेल तर, जन्माची स्वतः माहिती असलेल्या आणि त्या अर्जात पक्षकार नसलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं. म्हणजे नवऱ्याने बायकोच्या जन्माविषयी केलेल्या प्रतिज्ञापत्राला इथे किंमत नाही. आई, आत्या, सुईण, शेजारीण यांच्या प्रतिज्ञापत्राला आहे. दुसरं असं, की जोडीदाराच्या प्रकरणात नातं सिद्ध होतं ते लग्नाने. जन्माचा दाखला वय, ओळख आणि आईबाप कोण, एवढंच सांगायला हवा असतो. म्हणून अपुरी जन्मनोंद नीट समजावून दिली, तर केवळ तेवढ्यावरून प्रकरण बुडण्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. खोट्या कागदाने मात्र ते बुडतं, आणि कायमचं बुडू शकतं. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ती बंदी आजन्म लागू शकते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. उशिरा नोंदणी कायद्यानेच मान्य केली आहे, मग ती करून घेण्यात गैर काय? गैर काहीच नाही. तेराव्या कलमात ती तरतूद आहे. वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. ज्याची नोंद खरोखर कुठेच नाही त्याने हा मार्ग जरूर घ्यावा. पण हा दाखला वाचणाऱ्याची नजर आधी नोंदणीच्या तारखेवर जाते. जन्म १९९३ चा, नोंदणी २०२४ ची, तीही लग्नानंतर दोन महिन्यांनी, हे दिसल्यावर तो विचारणारच, की ही नोंद कशाच्या आधारे झाली? अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९९७ च्या एका निर्णयात म्हटलं आहे, की उशिरा नोंदवलेला जन्मदाखला हा निर्णायक पुरावा असतोच असं नाही. आपल्याच राज्यात २०२५ मध्ये अशा अनेक दाखल्यांची फेरतपासणी झाली, काही रद्द झाले आणि महसूल विभागाने कार्यपद्धती कडक केली. म्हणून उशिराचा दाखला एकटा पाठवू नये. ज्या जुन्या कागदांवरून दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला, ते कागद आणि तो आदेश दाखल्यासोबत लावावेत. आणि मूळ नोंद अपुरी का होईना, पण अस्तित्वात असेल, तर तिच्यावर दुसरी नवी नोंद करून घेणं हे बेकायदा आहेच, शिवाय आपल्याच हाताने आपला सर्वांत चांगला पुरावा मोडण्यासारखं आहे.

अपुरी नोंद दुरुस्त करण्याचा सरळ मार्ग कायद्यात आहे. पंधराव्या कलमाखाली निबंधक मूळ ओळ न खोडता समासात दुरुस्ती नोंदवतो आणि सही-तारीख घालतो. चूक मजकुराचीच असेल तर माहितगार अशा दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. यात जुनं आणि नवं दोन्ही दिसत राहतं, आणि माझ्या मते याच पारदर्शकतेमुळे परदेशी अधिकारी अशा दुरुस्तीवर विश्वास ठेवतो. नाव घालण्याची पंधरा वर्षांची मुदत उलटली असेल, तरी शासनाने ती वेळोवेळी वाढवलेली आहे. सध्या मुभा आहे का, ते निबंधकाकडेच विचारावं.

ती मुभा नसेल तर? तर नाव नसलेली नोंद तशीच द्यावी आणि ती याच व्यक्तीची आहे हे बाजूच्या पुराव्याने दाखवावं. इथे शाळा सोडल्याच्या दाखल्यापेक्षा पहिलीच्या प्रवेशाचा, जनरल रजिस्टरातला उतारा जास्त उपयोगी, कारण तो जन्माच्या जास्त जवळचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा आणि रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांत तो मागितल्यावर मिळतो. लसीकरणाचं कार्ड, जुनं रेशनकार्ड शोधावं. आणि सहसा कुणाला न सुचणारी गोष्ट म्हणजे भावंडांचे दाखले. नोंदीत ‘स्त्री’ एवढंच असेल आणि त्या आईबापांना तीन मुली असतील, तर उरलेल्या दोघींच्या जन्मतारखा दाखवल्या, की ती बिननावाची ओळ कुणाची याबद्दल शंका उरत नाही. आधार कार्डावर मात्र विसंबू नये. वय ठरवायला शाळेचा दाखला आधारपेक्षा ग्राह्य, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरा आक्षेप असा, की तिकडच्या अधिकाऱ्याला बारसं काय आणि माहेर काय, कोण समजावणार? पण तो अधिकारी रोज हेच वाचत असतो. भारतात १ एप्रिल १९७० पूर्वी जन्मलेल्यांकडे दाखला नसू शकतो, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं जाणून आहे. जर्मनी भारतीय कागदांवरचा अपोस्टील शिक्का मानत नाही. जर्मन दूतावास गरज वाटल्यास स्थानिक वकिलांमार्फत मूळ कार्यालयात जाऊन नोंद पडताळून घेतो. असा माणूस ग्रामपंचायतीत आला, तर त्याला वहीत जे दिसेल तेच आपल्या अर्जात असायला हवं.

बायकांच्या बाबतीत नावाचा गुंता जास्त. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, काही घरांत पाळण्यातलं नावही सासरी बदलतात. आईच्या नावाचंही तसंच: मुलीच्या जन्मनोंदीत आईचं सासरचं नाव, आजोळच्या कागदात माहेरचं. जन्मनोंद बदलायला जाऊ नका. जन्माच्या वेळी जे नाव होतं तेच तिथे हवं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असल्यास राजपत्रातली प्रसिद्धी, हे मधले दुवे जोडा.

शेवटी वेळेचं. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, मोडी असेल तर लिप्यंतर, मग इंग्रजी भाषांतर, याला महिने लागतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जादा पुरावा मागितला तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, कॅनडाकडून कित्येकदा ३० दिवसच. त्यामुळे शोध लग्न ठरल्याबरोबर सुरू करा. प्रतिज्ञापत्र द्यायला जी वडीलधारी माणसं आहेत त्यांचं आधी करून घ्या, आणि त्यांना पाठ केलेला मजकूर देऊ नका. त्यांना जन्माची माहिती कशी, त्या वेळी ती कुठे होती, दवाखान्यात की घरी, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भाषांतर करणाऱ्याला बजावा, की कोरा रकाना कोराच ठेवायचा, तिथे पासपोर्टवरचं नाव भरायचं नाही. अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा: नोंदीत काय आहे, काय नाही, ते का नाही, आणि ती उणीव कोणत्या कागदाने भरून निघते.