पारख आणि प्रतीक्षा
(महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीसंबंधी एक व्याख्यान)



नवा रायपूरच्या परिसरात, परसदा गावाच्या शिवारात, शहीद वीर नारायणसिंह यांच्या नावाचे जे विशाल क्रिकेट मैदान आहे ते २००८ साली उभे राहिले. छत्तीसगढ राज्याच्या संघाला रणजी स्पर्धेत प्रवेश मिळाला तो मात्र २०१६-१७ च्या हंगामात. म्हणजे मैदान आधी आले आणि त्यावर उतरणारा आपला संघ आठ वर्षांनी आला. पुढे २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामना येथे झाला व पाहुण्यांचा डाव अवघ्या १०८ धावांत आटोपला, हे आपणांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. मैदान बांधण्याचे शास्त्र आपणांस अवगत आहे. परंतु त्या मैदानासाठी खेळाडू शोधण्याचेही एक शास्त्र असते. किंबहुना ते निम्मे शास्त्र आणि निम्मी कला आहे. त्याविषयी आज मी बोलणार आहे.

या शास्त्राचा सर्वांत पद्धतशीर विकास अमेरिकेतील बेसबॉल या खेळात झालेला आढळतो. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, यास्तव थोडे विवेचन आवश्यक आहे. १९६५ पूर्वी तेथे जो संघ अधिक पैसा देई त्याच्याकडे होतकरू तरुण जात असे, आणि धनवान संघ अधिकाधिक बलवान होत असत. हे थांबविण्यासाठी त्या वर्षी ‘ड्राफ्ट’ म्हणजे क्रमवार निवडीची पद्धत सुरू झाली. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाने प्रथम निवड करावयाची आणि इतरांनी क्रमाने त्याच्या मागून, असे तिचे सूत्र होते. २०२३ पासून आरंभीच्या काही क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. तथापि दुर्बलास झुकते माप देण्याचे मूळ तत्त्व कायम आहे. १९६५ च्या त्या पहिल्या निवडीत पहिलाच मान मिळाला तो रिक मंडे या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला. महाविद्यालय आणि व्यावसायिक खेळ यांचा हा संबंध तेव्हापासून अधिकाधिक दृढ होत गेला.

या निवडीच्या पाठीशी जो मनुष्य उभा असतो त्यास तेथे ‘स्काउट’ म्हणतात. आपण त्यास पारखी म्हणू. गावोगावची मैदाने पालथी घालणे, एकाच तरुणाचा खेळ अनेकदा पाहणे आणि त्याविषयी लेखी अहवाल धाडणे हे त्याचे काम. फलंदाजीतील अचूकपणा, फटक्यातील जोर, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि हाताची फेक या पाच गुणांना तो २० ते ८० या श्रेणीत अंक देतो. त्यांत ५० हा अंक सर्वोच्च पातळीवरील सामान्य खेळाडूचा मानला जातो. परंतु या पद्धतीचे मर्म अंकांत नाही. प्रत्येक गुणापुढे दोन रकाने असतात, एक आजच्या कौशल्याचा आणि दुसरा उद्या होऊ शकणाऱ्या कौशल्याचा, हे तिचे खरे मर्म होय. पहिला रकाना कोणीही जाणकार भरू शकेल. दुसरा भरावयाचा म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या भवितव्याविषयी विधान करावयाचे. पारख्याची खरी परीक्षा या दुसऱ्या रकान्यात होते.

आणि या परीक्षेत मोठमोठे पारखी अनुत्तीर्ण झालेले आहेत. १९८८ साली माइक पियाझा या खेळाडूची निवड बासष्टाव्या फेरीत झाली. त्यापूर्वी तेराशेहून अधिक नावे पुकारली गेली होती. आणि ही निवडदेखील त्याच्या वडिलांच्या स्नेह्याने, त्या संघाच्या व्यवस्थापकाने, शब्द टाकल्यामुळे झाली. २०१६ साली याच खेळाडूला त्या खेळाच्या सर्वोच्च गौरवमंदिरात स्थान मिळाले. १९९९ साली अल्बर्ट पुहोल्स हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या एका छोट्या महाविद्यालयाचा विद्यार्थी ४०२ व्या क्रमांकावर निवडला गेला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ७०३ ‘होम रन’ होते. याउलट बिली बीन हा तरुण १९८० साली पहिल्या फेरीतच निवडला गेला. देहयष्टी, वेग, फेक असे सारे गुण त्याच्या ठायी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकावयास जाण्याचा मार्ग त्याच्यापुढे खुला होता, परंतु त्याने व्यवसाय पत्करला. खेळाडू म्हणून तो फारसा यशस्वी झाला नाही. पुढे ओकलंड संघाचा व्यवस्थापक या नात्याने त्याने आकडेवारीच्या आधारे निवड करण्यावर भर दिला आणि २००२ च्या ड्राफ्टमध्ये प्रामुख्याने महाविद्यालयीन खेळाडू घेतले.

महाविद्यालयीन खेळाडूच का, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर काळाशी निगडित आहे. शाळकरी मुलाविषयीचे अनुमान थोड्या सामन्यांवर आणि असमान प्रतिस्पर्ध्यांवर आधारलेले असते. चार वर्षांच्या महाविद्यालयात जो तरुण प्रवेश घेतो तो सामान्यतः तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे भरेपर्यंत पुन्हा निवडीस पात्र होत नाही. या मुदतीत शरीर भरते आणि स्वभाव स्थिरावतो. अपयशानंतर हा तरुण कसा वागतो, हेही पाहावयास मिळते. महाविद्यालय पारख्याला दुसऱ्या दृष्टिक्षेपाची संधी देते, आणि खेळाडूला शिक्षणाचा आधार देते. उद्या खेळात यश आले नाही तरी त्याच्या हाती काही उरते.

आता आपल्या देशाकडे वळू. विद्यापीठ हे क्रीडागुणांच्या परीक्षेचे स्थान आहे, ही कल्पना भारताला नवी नाही. मुंबईचे अर्देशीर दादाभाई बारिया यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या रोहिंटन बारिया करंडकासाठी आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा १९३५-३६ पासून सुरू झाली. अजित वाडेकर, सुनील गावसकर ही नावे मुंबई विद्यापीठाच्या संघाशी जोडलेली आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने दिलीप सरदेसाई यांचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे.

सरदेसाई मूळचे मडगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता आणि भारतातील प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्या प्रदेशाला स्थान नव्हते. १९५७ साली ते मुंबईस आले आणि विल्सन महाविद्यालयात शिकू लागले. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढील हंगामात पाकिस्तानचा संघ भारतात आला असता पुण्याच्या सामन्यासाठी भारतीय विद्यापीठांच्या संघात त्यांची निवड झाली, आणि प्रथम श्रेणीच्या त्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ८७ धावा काढल्या. डिसेंबर १९६१ मध्ये कानपूर येथे ते इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळले. दहा वर्षांनी, १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, त्यांनी ६४२ धावा केल्या व भारताच्या ऐतिहासिक मालिकाविजयास मोठा हातभार लावला. मडगावच्या मुलासाठी प्रस्थापित मार्गात जागा नव्हती, ती विद्यापीठाने करून दिली. महाविद्यालयीन मैदानाचे सामाजिक मोल या एका उदाहरणात सामावलेले आहे.

पुढे काळ पालटला. वयोगटांच्या स्पर्धा वाढल्या, निवडीचे केंद्र विद्यापीठांकडून अन्यत्र सरकले आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांना पूर्वीचे महत्त्व राहिले नाही. लहान शहरांतील गुण दृष्टिआड होऊ लागले. तेव्हा २००२ साली क्रिकेट नियामक मंडळाने गुणशोधासाठी एक स्वतंत्र शाखा स्थापन केली. ज्येष्ठ क्रीडालेखक मकरंद वायंगणकर यांची ही कल्पना. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख होते. माजी खेळाडूंनी देशभर फिरून सामने पाहावयाचे आणि अहवाल पाठवावयाचे, अशी ती योजना होती. बंगालचे माजी खेळाडू प्रकाश पोद्दार यांनी २००३ साली जमशेदपूर येथे महेंद्रसिंह धोनी यांचा खेळ पाहिला आणि त्यांच्याविषयी राष्ट्रीय क्रिकेट अकादमीस अहवाल धाडला. धोनींनी तोवर वयाची एकविशी गाठली होती. होतकरूंच्या यादीसाठी हे वय उशिराचेच मानले जाते. तरीही पारख्याने दुसरा रकाना भरला. त्या अहवालाचे पुढे काय झाले ते आपण सर्व जाणता. खेद एवढाच की, ही शाखा दीर्घकाळ टिकली नाही.

भारतात अमेरिकन धर्तीची क्रमवार निवडही एकदा झालेली आहे. २००८ च्या मार्च महिन्यात मलेशियात एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांची वाटणी इंडियन प्रीमियर लीगच्या संघांमध्ये लिलावाने न करता क्रमाने करण्यात आली. पहिला क्रमांक दिल्लीचा होता. दिल्लीने आपली गरज पाहून प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजास निवडले. विजेत्या संघाचे कर्णधार विराट कोहली बंगलोरकडे गेले. आज हा निर्णय पाहून हसणे सोपे आहे. परंतु त्या दिवशी दिल्लीकडे फलंदाजांची उणीव नव्हती, आणि गरजेनुसार निवड करणे हा दोषही नव्हे. बोध एवढाच की, आजची गरज हा पहिल्या रकान्याचा विषय आहे. तिने दुसरा रकाना झाकला जाऊ नये.

आता छत्तीसगढचे उदाहरण पाहू. राज्याची निर्मिती १ नोव्हेंबर २००० रोजी झाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे येथील गुणी मुलास मध्य प्रदेशाच्या संघात जागा शोधावी लागे. भिलाईशी निगडित असलेले फिरकी गोलंदाज राजेश चौहान त्याच मार्गाने पुढे गेले. ते एकवीस कसोटी सामने खेळले आणि त्यांपैकी एकाही सामन्यात भारताचा पराभव झाला नाही. एक चौहान वर आले. परंतु दुर्ग, बिलासपूर, जगदलपूर येथून इंदूरपर्यंतचा प्रवास ज्यांना परवडला नाही त्यांची गणती कोणत्याही पुस्तकात नाही.

शशांक सिंग यांचा वृत्तान्त तर अगदी अलीकडचा आहे. जन्म भिलाईचा, काही काळ ते मुंबईकडून खेळले, मग छत्तीसगढकडे आले. २०१७ पासून लीगच्या निरनिराळ्या संघांनी त्यांना घेतले आणि सोडले. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईच्या लिलावात पंजाबच्या संघाने त्यांना २० लाख रुपयांच्या मूळ किमतीस घेतले. लगेच त्या संघाच्या मंडळींनी हे नाव आपणांस अभिप्रेत होते की नाही याविषयी शंका व्यक्त केली. परंतु हातोडा पडलेला होता. यादीत सारखीच दोन नावे असल्याने गोंधळ झाला, आम्हांस हवा असलेला खेळाडू हाच होता, असा खुलासा त्या संघाने पुढे केला. ४ एप्रिल २०२४ रोजी अहमदाबाद येथे, २०० धावांचे लक्ष्य समोर असताना, शशांक यांनी २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा काढून तो सामना जिंकून दिला. त्या हंगामात त्यांच्या ३५४ धावा झाल्या आणि पुढील हंगामासाठी संघाने त्यांना साडेपाच कोटी रुपयांस कायम ठेवले.

या घटनेकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. बत्तीस वर्षांच्या एका खेळाडूचे भवितव्य त्या सभागृहात काही क्षण एका नावाच्या उच्चारावर लोंबकळत होते. पारख ही संस्था जेथे दुबळी असते तेथे योगायोग तिची जागा घेतो. आणि योगायोग एकास तारतो तेव्हा त्याच्याच गुणाच्या दहा जणांना तो विसरलेला असतो.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या मते तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत, आणि त्यांपैकी एकीसही फार पैसा लागत नाही. पहिली गोष्ट लेखनाची. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठासारख्या १९६४ पासून चालत आलेल्या विद्यापीठात आणि त्याच्या परिवारातील महाविद्यालयांत प्रतिवर्षी शेकडो तरुण-तरुणी मैदानावर उतरतात. आपली धावपुस्तिका त्यांच्या धावा आणि बळी नोंदविते. म्हणजे फक्त पहिला रकाना भरते. क्रीडाशिक्षकांनी प्रत्येक होतकरू खेळाडूविषयी वर्षातून दोनदा, स्वतःच्या स्वाक्षरीने, दुसराही रकाना भरावा. लेखी मत देणाऱ्यास त्या मताची जबाबदारी घ्यावी लागते, आणि शिफारशीची कुजबुज तेथे आपोआप मंदावते.

दुसरी गोष्ट पुनर्निरीक्षणाची. एकदा नाकारलेल्या खेळाडूचे नाव यादीतून पुसले जाऊ नये. पुहोल्स काय किंवा शशांक काय, पहिल्या पाहणीत त्यांचे पूर्ण मोल कोणासही कळले नाही. तिसरी गोष्ट वाट वाकडी करण्याची. पारखी जेथे सोय आहे तेथे जातो. परंतु गुण सोयीच्या ठिकाणी जन्म घेतोच असे नाही. २०२३ पासून महिलांची प्रीमियर लीगही सुरू झालेली आहे. ज्या मुलींच्या सामन्यांना आजवर प्रेक्षकही लाभत नव्हते त्यांच्यासाठी तरी पारख्याने एखादा दिवस राखून ठेवावा.

अखेरीस जे निवडले जात नाहीत त्यांच्याविषयी. कोणतीही पद्धत आणली तरी त्यांची संख्या निवडलेल्यांहून नेहमीच मोठी राहणार. त्यांना आपण काय देणे लागतो? माझे उत्तर असे की, त्यांना नीट पाहिले गेले होते, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा पाहिले गेले होते, हे समाधान आपण त्यांना देणे लागतो. ज्याला पाहून नाकारले तो दुसरे क्षेत्र शोधतो. ज्याला कोणी पाहिलेच नाही तो आयुष्यभर स्वतःस एकच प्रश्न विचारीत राहतो, आणि त्याचे उत्तर देणे कोणाच्याही हाती उरत नाही.