तीन छायाचित्रकार आणि चिकपेटेतील एक तसबीर

बंगळूरच्या चिकपेटेत पूर्वी आमचे बिऱ्हाड असे. 'चिक्क' म्हणजे लहान, तेव्हा चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. मराठी माणसाचा तेथील पेठांशी संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा. माझे आजोबा मात्र पुष्कळ पुढच्या काळात एका रेशमी कापडाच्या पेढीवर हिशेबनीस म्हणून तेथे गेले. त्या बिऱ्हाडातून आज आमच्याजवळ उरली आहे ती आजीची एक तसबीर. नऊवारी नेसून, एक हात तिवईवर ठेवून आजी उभी आहे. चेहरा गुळगुळीत, नितळ. आणि नेमके तेवढेच खोटे आहे.

आजीच्या गालांवर देवीचे व्रण होते. मी पाच वर्षांचा असताना ती गेली. तिचा चेहरा मला धड आठवत नाही, पण त्या गालांचा खरखरीत स्पर्श माझ्या बोटांना आजही आठवतो. तसबिरीतले व्रण पेठेतल्या कोण्या छायाचित्रकाराने पुसून टाकलेले. ही कला फार जुनी आहे. खळगा सावलीत असतो, म्हणून निगेटिव्हवर तो विरळ, पारदर्शक दिसतो; तेवढ्या जागी टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरल्या की छापात तो नाहीसा होतो. त्या माणसावर माझा कित्येक वर्षे राग होता. छायाचित्रकाराने किती ढवळाढवळ करावी, या प्रश्नाकडे मी वळलो तो या रागापायी. त्या दृष्टीने बंगळूरशी निगडित असलेल्या तीन छायाचित्रकारांची कामे मी पाहत आलो. त्यांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

पहिला लिनियस ट्राइप. मद्रासच्या पायदळातला हा इंग्रज अधिकारी १८५४ च्या अखेरीस हळेबीड व बेलूरची देवळे टिपून आला आणि पुढील वर्षी मद्रासच्या प्रदर्शनात त्याने ती चित्रे मांडली. १८५५ मध्ये तो सरकारी शिष्टमंडळाबरोबर ब्रह्मदेशात गेला. तेथून आणलेल्या १२० चित्रांचे पन्नास संच त्याने बंगळुरात छापून घेतले. म्हणजे सहा हजार छाप, आणि तेही उन्हात चौकटी मांडून, एकेक करून! आम्हा कचेरीतल्या माणसांना प्रतींची संख्या ऐकली की आधी कारकून आठवतात. येथे खरा कारकून सूर्य होता.

ट्राइपचे निगेटिव्ह पुष्कळदा मेण लावलेल्या कागदाचे असे. असा कागद वाटेत वाहून नेण्यास सोयीचा. परंतु त्यावरील रसायनाला निळा रंग फार लवकर लागे आणि हिरवा जवळजवळ लागतच नसे. परिणामी आकाश कोरे पांढरे निघे आणि झाडे काळ्या डागांसारखी. मग हा काटेकोर लष्करी गृहस्थ काय करी? निगेटिव्हवर कुंचल्याने रंग देऊन आकाशात ढग उभे करी, झाडांच्या पानांना उजेड देई. देवळाच्या दगडाचा कोपरा न् कोपरा स्पष्ट, आणि वरचे ढग हाताने काढलेले! प्रथम हे कळले तेव्हा मला फसविले गेल्यासारखे वाटले होते. पण तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानाभोवती कोरलेले चोळकालीन तमिळ लेख टिपण्यासाठी याच माणसाने एकवीस छायाचित्रे एकापुढे एक जोडून एक लांबच लांब पट्टी तयार केली. तेथे एक अक्षरही त्याने आपल्या पदरचे घातले नाही. (त्याच मंदिराच्या आवारात भोसल्यांचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल.) ढग कोठे काढावेत आणि कोठे काढू नयेत, याचा विवेक ट्राइपजवळ होता. पुढे सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर झाले आणि खर्चाच्या कारणाने हे सरकारी छायाचित्रण बंद पडले. फाइलीवरचा असा शेरा मी स्वतःही लिहिला आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

दुसरे टी. एस. सत्यन. जन्म १९२३, म्हैसूरचा. १९४८ मध्ये 'डेक्कन हेरल्ड' निघाले तेव्हा ते त्यात छायाचित्रकार म्हणून होते; १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००९ मध्ये ते निवर्तले. ट्राइपच्या चित्रांत माणूस आला तर बहुधा देवळाची उंची कळावी म्हणून. सत्यन यांच्या चित्रांत देवळाने माणसामागे उभे राहावयाचे. शाळेत जाणारी मुले, बाजारातल्या बाया, काम करता करता हसणारी माणसे हाच त्यांचा विषय. ट्राइपला तिवई रोवून, दगडासारख्या स्थिर वस्तूसमोर थांबावे लागे. सत्यन यांच्या काळापर्यंत कॅमेरा हातात मावू लागला होता, फिल्म जलद झाली होती. त्यामुळे क्षण हेरता येऊ लागला. त्यांचा कुंचला म्हणजे वाट पाहणे. चौकटीत माणसे आपोआप जुळून येईपर्यंत थांबावयाचे आणि जुळली की बटण दाबावयाचे. परंतु हजार क्षणांतून एक निवडणे हीही ढवळाढवळच नव्हे काय? नऊशे नव्याण्णव क्षण तेथेही पुसलेच जातात. तरीसुद्धा, माझ्या मते, माणसाला त्याचा अवघडलेपणा न देता टिपणे हे तिघांत त्यांनाच अधिक साधले.

तिसरे ज्योती भट्ट हे जन्माने आणि कर्माने गुजरातचे. १९३४ साली भावनगरला जन्मलेले, बडोद्याचे चित्रकार व मुद्राचित्रकार. परंतु त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील कला व छायाचित्र संग्रहालयात आहे. २०२३ मध्ये ते संग्रहालय खुले झाले तेव्हा त्यांचे प्रदर्शन तेथे भरले होते. चिकपेटेहून ते स्थळ फार लांब नाही. १९६७ पासून भट्ट खेडोपाडी हिंडले आणि भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदण अशा पुसल्या जाणाऱ्या कला त्यांनी टिपल्या. येथे पुन्हा माणूस समोर, सरळ उभा. भिंत काढणारी बाई आपल्या भिंतीपुढे उभी राहून आपल्याकडे पाहते. ती आणि भिंत दोन्ही सारखीच स्पष्ट. सत्यन यांच्या चित्रातल्या बाईला आपण पाहतो. भट्ट यांच्या चित्रातली बाई आपल्याला पाहते. आपण कशी दिसावे, यात तिचाही काही हात असावा असे वाटते.

हे शेवटचे सुचले आणि आजीच्या तसबिरीविषयी मी आत्याला प्रथमच विचारले. आत्या हसली. म्हणाली, "अरे, त्या बिचाऱ्यावर कसला रागावतोस? त्याने दोनदा विचारले होते. आईनेच सांगितले, डाग काढा म्हणून."

"नटण्यासाठी?"

"नाही रे. ती तसबीर गावी पाठवायची होती, तिच्या आईला. देवी आल्या त्या वर्षी टोचणारा दारी आला होता. आजीने, म्हणजे तिच्या आईने, त्याला परत लावले होते. जन्मभर ती लेकीच्या तोंडाकडे नीट पाहू शकली नाही."