जुनी रायफल : आधी ओळखा, मग हात लावा

आजचा विषय जुन्या 'पॉइंट टू-टू'चा, म्हणजे .२२ च्या टार्गेट रायफलीचा. एनसीसीत असताना तुमच्यापैकी अनेकांनी .२२ चालवली असेल. पण आज मी बोलतोय ती आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या परवान्यावरची, कपाटात उभी असलेली, गंज धरलेली विलायती रायफल. घर इंदूरचं असो, बडोद्याचं की बेळगावचं, पहिला विचार तोच येतो : 'घासून-पुसून नवी करून टाकू या.' तिथेच थांबा.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. पहिली, ती रिकामी आहे याची खात्री. ब्रीच उघडा, डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. 'रिकामीच आहे' हे कुणाच्या सांगण्यावरून मानायचं नाही, माझ्याही नाही. दुसरी, कागद. परवानाधारक वारले की परवाना वारसाच्या नावे आपोआप होत नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम २१ प्रमाणे असं शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज. 'जुनी आहे, अँटिक आहे' ही पळवाट नाही. कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला आहे. .२२ ची काडतुसं आजही मिळतात, तेव्हा तुमची रायफल त्यात बसत नाही.

आता ओळख. उदाहरण घेऊ बीएसए मार्टिनीचं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, स्थापना १८६१. खालचा लिव्हर ओढला की ब्रीचचा ठोकळा पुढून खाली झुकतो. ही रचना मूळ अमेरिकेच्या पीबॉडीची, १८६२ च्या पेटंटची. स्विस कारखानदार मार्टिनीने ती सुधारली आणि ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री म्हणून घेतली. बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांचा नेम बघून इंग्रजांचे डोळे उघडले. एकेकाळी हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी मग सामान्य माणसासाठी छोट्या रायफलींच्या क्लबांची चळवळ उचलून धरली. .२२ मार्टिनीचा बहर त्यातूनच आला.

तुमच्या हातातली नेमकी कोणती, हे लोखंडच सांगतं. बीएसएची खूण म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. बॅरलवर बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे ठसे शोधा. मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही', 'एनपी' अशी अक्षरं असतील तर चाचणी १९५४ च्या नियमांआधीची. मुकुटाखाली 'बीएनपी' असेल तर त्यानंतरची. 'मार्टिनी-इंटरनॅशनल' लिहिलं असेल तर रायफल १९५० च्या अलीकडची. 'पार्कर-हेल' आणि 'पार्करायफल्ड' असं दिसलं तर जुन्या बॅरलमध्ये नवी .२२ ची नळी बसवली आहे. बॅरलच्या तोंडाशी त्या नळीची बारीक गोल रेघही दिसू शकते. प्रत्येक ठशाचा फोटो काढा, नंबर परवान्याशी ताडून बघा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. हे ठसे म्हणजे रायफलीचं सर्व्हिस रेकॉर्ड. पॉलिश पेपर आणि बफिंग मशीन सगळ्यात आधी तेच खातं. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. म्हणजे हौसेने केलेली चकाकी इतिहासही घालवते आणि तुम्हाला अडचणीतही आणते.

मग करायचं काय? वरवरचा गंज असेल तर तेल लावा, मुरू द्या, मग सगळ्यात बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसा. ठशांजवळ फक्त कापड. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच पेचकस घ्या. आटे जुने, इंचाच्या मापाचे असतात, त्यात आजचा मेट्रिक स्क्रू कोंबू नका. नळीत तेल लावलेली चिंधी ओढा. गज तोंडाच्या कडेला घासू देऊ नका, कारण गोळीचा शेवटचा स्पर्श त्या कडेचा, ती बिघडली की नेम गेला. लाकूड बहुधा अक्रोडाचं, त्याला अळशीच्या तेलाचे पातळ हात पुरतात, वॉर्निश नको. कुणी गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवून काळं करून देतो म्हणाला तर नाही म्हणा. झाळून बसवलेली नळी असेल तर त्या टाकीत झाळ सुटू शकते.

रिकाम्या रायफलीचा घोडा दाबून बघायची सवय सोडा. रिमफायरमध्ये दारू पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, म्हणून पिन कडेवरच आपटते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडू शकते. आतली यंत्रणा, ठोकळ्याची फट आणि चेंबर तपासणं हे परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं काम. त्याने पास केल्याशिवाय एकही राउंड नाही.

पावसाळ्यात रायफल कातडी किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये ठेवू नका, कव्हर ओल धरतं. कुलूपबंद कपाटात, तेलाचा पातळ हात देऊन, काडतुसांपासून वेगळी ठेवा.

शंभर वर्षांच्या रायफलीने नवं दिसायची गरज नाही. ती सुरक्षित असावी, कायदेशीर असावी आणि पुढच्या माणसाला वाचता यावी. एवढं केलंत तर तुमचं काम चोख झालं. जय हिंद.