मद्रासचे एक व्यासपीठ
सभागृहाचा इतिहास केवळ भिंतींचा नसतो. तेथील व्यासपीठ कोणाला लाभले, याचाही असतो. मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, संगीत अकादमी १९२८ साली स्थापन झाली. तिचे सध्याचे सभागृह १९६२ मधील. परंतु तिची कसोटी त्यापूर्वीच लागली होती. देवदासींच्या नृत्याविरुद्ध चळवळ जोरात असताना, १९३१ साली अकादमीने देवदासी कल्याणी यांच्या दोन कन्यांचा नृत्यप्रयोग घडवून आणला. १९४७ च्या कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा थांबली, हे योग्यच झाले. नृत्य मात्र इतर घरांत रुजले आणि ज्या घराण्यांनी ते जपले, त्यांच्या लेकी व्यासपीठावर विरळ झाल्या. १९७३ साली त्याच परंपरेतील बालसरस्वतींना अकादमीने ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान दिला. एका सन्मानाने ते ऋण फिटले, असे मात्र मला वाटत नाही.