कॅमेरा काट्याकडे वळवा



बँकेत जा, सोनाराकडे जा, पेट्रोल पंपावर जा, जिनिंगच्या फाटकात गाडी लावा; डोक्यावर कॅमेरा असतोच. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर शहरांतल्या रस्त्यांवर कॅमेरे लावायला जोर आला. कारखानदार आणि दुकानदारांनी ते आपापल्या पैशाने लावले. पूर्वी चित्र टेपवर उतरे आणि टेप बदलायला माणूस लागे. आता ते हार्ड डिस्कवर उतरते, मालकाला घरबसल्या मोबाइलवर दिसते. वस्तू स्वस्त झाली, धंदा वाढला. याला आपला विरोध असायचे कारण नाही.

प्रश्न एवढाच, की कॅमेऱ्याचे तोंड कोणाकडे?

ज्याने तो विकत घेतला, त्याच्या मालाची तो राखण करतो. जिनिंगचा कॅमेरा गाठी राखतो, व्यापाऱ्याचा कॅमेरा गल्ला राखतो. शेतकरी नागवला जातो तो काट्यावर आणि प्रतवारीच्या वेळी. वीस क्विंटल कापसावर क्विंटलमागे एक किलो कटती धरली, तर वीस किलो कापूस फुकट गेला. सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ओलावा 8 टक्के धरतात. 12 टक्क्यांपर्यंत भाव कापतात, त्यापुढे माल परत. म्हणजे ओलावा मोजणाऱ्या यंत्रावरचा एकेक आकडा हा तुमचा पैसा आहे. तो आकडा कोणत्या कॅमेऱ्यात दिसतो?

बाजारावर देखरेख ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा 1897 सालीच झाला. आता फक्त साधन नवे आले. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रीकरण किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. पोलिसांवर नजर ठेवता येते, तर मापाड्यावर का नाही?

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डिस्क भरली की यंत्र जुने चित्र पुसून त्यावर नवे लिहिते. माहितीच्या अधिकारात उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तोवर पुरावा पुसला गेलेला असू शकतो. म्हणून वजनात फरक वाटला, तर त्याच दिवशी बाजार समितीच्या सचिवाला लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, काटा आणि गाडीचा नंबर लिहा, चित्रीकरण राखून ठेवायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या.

खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, प्रत्येक बाजार समितीकडे आपल्या तीन मागण्या राहतील. काट्याचा आकडा आणि माल एकाच चित्रात दिसावा. ओलावा मोजताना कॅमेरा चालू असावा. आणि शेतकऱ्याने मागितले की चित्रीकरण त्याला दाखवावे.

नवा कापूस आणि ज्वारी यार्डात येण्याआधी हा ठराव गावोगाव करा, आणि त्याची प्रत समितीच्या हाती द्या.