सायकलीचा दिवा आणि रात्रपाळीचा रस्ता



या व्यासपीठावर तत्त्वज्ञानापासून अर्थकारणापर्यंत मोठमोठे विषय येऊन जातात. त्या पंक्तीत आम्ही सायकलीच्या दिव्यावर बोलायला उभे राहिलो, हे पाहून काहींच्या चेहऱ्यावर हसू आलेले आम्हाला इथून दिसते आहे. हसावे, आमची हरकत नाही. बासुंदीच्या पंगतीतही पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढावेच लागते, आणि आजचा विषय त्या मिठासारखा आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून करू नये. हिशेब मात्र आम्ही पक्का मांडतो.

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळी दिव्याशिवाय निघालेल्या सायकलस्वाराला चौकातला पोलीस अडवी. रॉकेलचा दिवा वाऱ्याने विझला तर माणूस खाली उतरे आणि सायकल हाताने ढकलीत नेई. आज मोटारसायकली वाढल्या, कायम कामगाराला कंपनीची बस नाक्यावर सोडू लागली. सायकल उरली ती पुष्कळशी कंत्राटी कामगाराकडे, इमारतीच्या रखवालदाराकडे, झाडू खात्यातल्या माणसाकडे, पहाटे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोराकडे. म्हणजे ज्याला सर्वांच्या आधी उठावे लागते आणि सर्वांच्या मागून घरी जावे लागते, त्याच्याकडे. अंधारातला रस्ता त्याच्या वाट्याला आला, आणि चौकातल्या पोलिसाने मात्र त्याचा दिवा विचारणे सोडून दिले.

याचा परिणाम काय होतो? सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दर शंभरांत सुमारे तीन सायकलस्वार होते. शंभरांत तीन हा आकडा लहान वाटतो, पण मेलेल्यांच्या संख्येवर तो लावून पाहा. एका वर्षात जवळजवळ पाच हजार घरांत सायकल परत आली नाही. हे सर्व अपघात दिव्याअभावी झाले असे आम्ही म्हणत नाही. पण अंधारात न दिसणे हे एक कारण असे आहे की जे दूर करणे आपल्या हातात आहे, आणि तेही थोड्या पैशांत.

आता मुद्द्याला हात घालू. सायकलीच्या दिव्याची कामे दोन. एक, आपण रस्ता पाहणे. दुसरे, इतरांनी आपल्याला पाहणे. दुकानात गेलेला माणूस पहिल्या कामाचा विचार करतो, पुढचा झगझगीत दिवा घेतो, आणि मागे अंधार ठेवून निघतो. आमचे म्हणणे असे की, हातात एकाच दिव्याचे पैसे असतील तर शहराच्या उजेडाच्या रस्त्यांवर जाणाऱ्याने आधी मागचा लाल दिवा घ्यावा. खड्डा आपल्याला दिसतो न दिसतो, आपण बेताने चालवू शकतो. पण मागून येणाऱ्या मालट्रकचा वेग आपल्या हातात नसतो.

तो वेग काय असतो याचा हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. चालकाला काही तरी दिसले, ते काय आहे हे ध्यानात आले, आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद जातो. म्हणजे २५ मीटर गेले. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटार थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर. रस्ता ओला असला, गाडी मालाने भरलेली असली, तर त्याहून पुष्कळ जास्त. मोटारीचा झोत खाली झुकवलेला असताना काळपट कपड्यांतला माणूस तेवढ्या अंतरावरून कित्येकदा दिसतच नाही. साधा पण चांगला लाल दिवा मात्र शेकडो मीटरवरून दिसतो.

इथे कोणी म्हणेल, ‘‘आमच्या सायकलीला मागे लाल रिफ्लेक्टर आहे, मडगार्डवर पांढरा पट्टाही रंगवलेला आहे.’’ उत्तम आहे, तो ठेवावाच. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तर फारच उपयोगी, कारण ते वरखाली हलतात आणि इथे माणूस सायकल चालवतो आहे हे क्षणात कळते. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. दुसऱ्याचा झोत त्याच्यावर पडला तरच तो जागा होतो. बाजूच्या बोळातून निघणाऱ्या रिक्षाचा झोत तुमच्यावर पडतच नाही. एक दिवा बंद पडलेला टेम्पोही रस्त्यावर असतोच. रिफ्लेक्टर हा दिव्याचा जोडीदार आहे. दिव्याची जागा तो घेऊ शकत नाही.

मागचा दिवा घेतला, तरी तो लावायचा कुठे? सीटखालच्या दांड्यावर लावण्याची पद्धत आहे, आणि तिथेच कामगाराची फसगत होते. कॅरिअरवर डब्याची पिशवी असते, पावसाळ्यात रेनकोट मागे लोंबतो, थंडीत शाल असते. दिवा जळत असतो आणि तो पाहते फक्त पिशवी! म्हणून ज्याच्या सायकलीला कॅरिअर आहे त्याने दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला अगर मडगार्डवर पक्का बसवावा, आणि दहा पावले मागे जाऊन स्वतः पाहावा.

आता पुढचा दिवा. सायकल ताशी २० किलोमीटरने चालली असताना खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे १४ मीटर लागतात. तेव्हा १५ मीटरपुढचा रस्ता ज्या दिव्यात स्वच्छ दिसतो, तो दिवा पुरेसा. त्याहून कमी उजेडात वेगाने चालवणे म्हणजे डोळे मिटून चालवणे. हातात मोबाइल धरून त्याच्या उजेडात जाणारेही आम्ही रोज पाहतो. त्यांचा एक हात ब्रेकवरून गेलेला असतो, आणि मागून ते दिसत नाहीत ते नाहीतच.

दिवे दोन प्रकारचे मिळतात, डायनामोचे आणि सेलवर चालणारे. टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनामो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असेल. नेहमीच्या डायनामोची शक्ती ६ व्होल्ट, ३ वॉट. त्यातले २.४ वॉट पुढच्या बल्बाला, ०.६ वॉट मागच्या. पुढचा बल्ब उडाला की सारा भार मागच्यावर येई आणि तोही उडे. पावसात चाक घसरे, सिग्नलला थांबले की अंधार होई. आता चाकाच्या तुंब्यात बसणारे डायनामो निघाले आहेत, आणि थांबल्यावरही काही मिनिटे जळत राहणारे दिवे आहेत. ते महाग असले तरी त्यांना चार्ज करण्याची कटकट नाही.

बहुतेकांना परवडतो तो सेलवरचा एलईडी दिवा. निळा एलईडी शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधातून पांढरा एलईडी आला, आणि थोड्या विजेत भरपूर उजेड गरिबाच्या सायकलीपर्यंत पोचला. पण बाजारात या दिव्यांच्या खोक्यांवर काहीही आकडे छापलेले असतात. तेव्हा हिशेब शिकून घ्यावा. एकूण उजेड मोजतात तो ल्युमेनमध्ये. एका वॉटला ढोबळ मानाने १०० ल्युमेन धरावेत. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा जो लिथियमचा सेल असतो, त्यात साधारण ९ ते १० वॉट-तास वीज मावते. म्हणजे ३०० ल्युमेनचा दिवा त्यावर सुमारे तीन तास चालेल. एवढ्याच एका सेलवर कोणी हजारो ल्युमेन आणि दहा तासांचा वायदा करू लागला, तर तो निवडणुकीतला वायदा समजावा.

शिवाय उजेड किती, यापेक्षा तो पडतो कुठे हे महत्त्वाचे. टॉर्चसारखा गोल झोत अर्धा रस्त्यावर पडतो आणि अर्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वरचा कडा कापलेला झोत देणारे दिवे मिळतात. जर्मनीत कायदाच असा आहे की सायकलीच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, आणि मान्यतेची खूण असलेलाच दिवा वापरावा. आपल्याकडे तसा दिवा न मिळाला तर असलेला दिवा झुकवून घ्यावा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल, तर झोताचा मध्य भिंतीवर ६० सेंटिमीटर उंचीवर पडला पाहिजे. मग तो बरोबर १५ मीटरवर रस्त्याला टेकतो.

लुकलुकणारा दिवा चांगला की स्थिर, हा वाद सायकलवाल्यांत नेहमीचा. जर्मनीत लुकलुकणाऱ्या दिव्याला मनाई आहे, इंग्लंडात २००५ पासून त्याला परवानगी मिळाली. लुकलुकीने लक्ष वेधते हे खरे, पण सायकल किती लांब आहे आणि किती वेगाने चालली आहे, याचा अंदाज स्थिर दिव्यावरून नीट येतो. आमचा सल्ला असा की अंधाऱ्या रस्त्यावर दोन्ही दिवे स्थिर ठेवावेत. पुढे पांढरा, मागे लाल, याखेरीज रंगांची आरास करू नये. आपण येतो आहोत की जातो आहोत, हे रंगावरूनच कळायचे असते.

पावसाळ्यासाठी दिव्यावरची खूण पाहावी. आयपीएक्स४ म्हणजे चहूकडून उडणारे पाणी सोसणारा, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण घट्ट दाबावे. रविवारी काच पुसावी. सायकल स्टँडवर लावताना दिवा काढून डब्याबरोबर आत न्यावा.

इथवर सायकलस्वाराचे कर्तव्य झाले. आता मालकाचे आणि समाजाचे.

मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर निघाला होता. तो मोटारसायकलवर होता. कारखाना ५ किलोमीटर राहिला असताना अपघातात तो गेला. हा अपघात कामाच्या ओघातला की नाही, यावर वाद चालला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. बावीस वर्षे लागली! न्यायालयाने आधार घेतला तो २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात आलेल्या ५१-ई या कलमाचा. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल, तर कामावरचाच मानावा, असे ते कलम सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आले आहे. या संहितांबद्दल आमच्या चळवळीच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण ही गोष्ट कामगाराच्या हिताची आहे हे कबूल केले पाहिजे.

आता यातून सरळ निष्कर्ष काढा. कायद्याने रस्ता कामाचा भाग धरला, तर फाटकाच्या आत जसे बूट आणि शिरस्त्राण मालकाने द्यायचे, तसा फाटकाबाहेरच्या रस्त्यासाठी दिवाही त्याने का देऊ नये? नुकसानभरपाई मिळते ती माणूस गेल्यावर. दिवा मिळाला तर माणूसच घरी येतो. म्हणून आमची मागणी अशी की सायकलीने येणाऱ्या प्रत्येक कामगाराला, विशेषतः कंत्राटी कामगाराला, पुढचा-मागचा दिव्यांचा जोड मिळावा. सायकल स्टँडजवळ चार्जिंगची एक फळी असावी. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खांब आहेत तिथे दिवे जळावेत आणि खड्डे बुजावेत.

आणि आपण सर्व नागरिकांनी एवढे करावे. मोटार चालवणाऱ्याने समोर सायकल दिसली की डिपर द्यावा, मोठा झोत रोखून धरू नये. घरी गेल्यावर आपल्या इमारतीच्या रखवालदाराची सायकल एकदा मागून पाहावी. तिला लाल दिवा नसेल, तर सर्व बिऱ्हाडांनी मिळून तो आणावा. एका बिऱ्हाडाला चहाच्या कपाहून जास्त खर्च येणार नाही. दान म्हणून तो देऊ नये. जो माणूस रात्रभर आपल्या दारात दिवा लावून बसतो, त्याच्या वाटेवर उजेड असणे हा त्याचा हक्क आहे, अशा भावनेने द्यावा.